'आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही': ज्यू असणं आणि पॅलेस्टाइनची जबाबदारी

वाटाड्या:

डेव्हिड शुलमन हे नाव आपल्याकडे संस्कृत, तमिळ, तेलुगूच्या अभ्यासकांना नवं नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आयुष्य घालवलेला हा माणूस जुन्या तेलुगू काव्यावर आणि केरळच्या कुडियाट्टम या नाट्यप्रकारावर अधिकाराने बोलतो. २०१६ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. त्याचे ७५,००० शेकेल त्यांनी 'तायुश' नावाच्या गटाला देऊन टाकले.

हा गट २००० साली ज्यू आणि अरब लोकांनी मिळून काढला. शनिवारी सकाळी ही मंडळी वेस्ट बँकमधल्या दक्षिण हेब्रोनच्या टेकड्यांवर जातात. तिथे पॅलेस्टिनी मेंढपाळ गुहांत, तंबूत, पत्र्याच्या घरांत राहतात. काम काय, तर मेंढरांबरोबर चालायचं. नांगरणी चालू असेल तर बांधावर थांबायचं. वरच्या इस्रायली वसाहतीतून कोणी काठ्या-दगड घेऊन उतरलं की मध्ये उभं राहायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. थोड्या वेळाने जीप येते. अधिकारी एक कागद दाखवतो, की हा भाग 'बंद लष्करी क्षेत्र' जाहीर झालेला आहे. मग मेंढपाळानेही निघायचं आणि प्राध्यापकांनीही. वसाहतवाले मात्र बहुतेकदा तिथेच राहतात, ही या मंडळींची कायमची तक्रार.

माझा प्रश्न साधा आहे. तेलुगू पोथ्या वाचायच्या सोडून या माणसाने हे का करावं? 'माणुसकी' हे उत्तर आहेच, पण ते कुठल्याही स्वयंसेवकाला लागू पडतं. यातल्या अनेकांचं म्हणणं वेगळं असतं: आम्ही ज्यू आहोत, हे आमच्या नावाने चाललंय, म्हणून आम्ही इथे.

हे नीट समजून घ्यायला मला एका जुन्या विधीचा उपयोग झाला. मराठी बायबलमध्ये ज्याला 'अनुवाद' म्हणतात त्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तो आहे. रानात प्रेत सापडलंय, मारेकरी कोण ते कळत नाही. मग अंतर मोजायचं आणि सर्वांत जवळचं गाव ठरवायचं. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कधीही जुंपली न गेलेली एक कालवड ओढ्यापाशी नेऊन तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं: आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही.

मिश्नाकारांना, म्हणजे जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संकलकांना, यावर शंका आली. वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय होता तरी कोणाचा? त्यांनीच दिलेलं उत्तर असं: वडीलधाऱ्यांना म्हणायचंय, की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी लावून दिला, असं झालेलं नाही. आम्हाला तो दिसला आणि सोबत न देता आम्ही त्याला एकटा जाऊ दिला, असंही झालेलं नाही.

म्हणजे सुरा कोणाच्या हातात होता हा प्रश्नच बाजूला राहतो. शिदोरी दिली होती का, सोबत दिली होती का, एवढंच विचारलं जातं. आता त्याच टेकड्यांवरची ही गोष्ट बघा. तुबा या वस्तीतली मुलं अत-तुवानी गावच्या शाळेत जातात. वाटेत एक वसाहत आणि तिच्या शेजारी परवानगीशिवाय उभी राहिलेली वसाहतवाल्यांची चौकी. मुलांवर, त्यांच्याबरोबर चालणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांवर हल्ले झाले, तेव्हा २००४ पासून इस्रायली सैन्याची जीप मुलांना सोबत करू लागली. आपल्याच नागरिकांपासून शाळकरी पोरांना वाचवायला सैन्य लावायचं आणि चौकी मात्र जागच्या जागी ठेवायची! सोबत दिली म्हणायची की नाही?

ज्यांना पार्श्वभूमी हवी त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६७ च्या जूनमधल्या युद्धानंतर वेस्ट बँक इस्रायलच्या लष्करी ताब्यात गेली. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारात तिचे अ, ब, क असे तुकडे पडले. यातल्या 'क' भागावर, म्हणजे साधारण ६० टक्के जमिनीवर, पूर्ण ताबा इस्रायलचा. पूर्व जेरुसलेम सोडूनच पाच लाखांहून जास्त इस्रायली तिथल्या वसाहतींत राहतात. एकाच टेकडीवर दोन मुलांनी दगड मारला, तर वसाहतीतल्या मुलाला इस्रायलचा नागरी कायदा आणि पॅलेस्टिनी मुलाला लष्करी न्यायालय. तेही बाराव्या वर्षापासून.

हे सगळं कोणी डाव्यांनी आत्ता शोधून काढलेलं नाही. येशायाहू लायबोविच हे कर्मठ ज्यू, धर्माचे नियम काटेकोर पाळणारे प्राध्यापक. त्यांनी विजयाचा जल्लोष ओसरायच्या आत, १९६८ मध्ये, लिहून ठेवलं की दहा लाखांवर परक्या लोकांवर राज्य करणारा देश गुप्त पोलिसांचा देश होईल आणि त्याची कीड शिक्षणापासून विचारस्वातंत्र्यापर्यंत सगळीकडे लागेल. १९९३ मध्ये त्यांना इस्रायल पुरस्कार जाहीर झाला. एवढा गदारोळ उठला, की पंतप्रधान राबिननी समारंभाला येणार नाही असं सांगितलं. शेवटी म्हाताऱ्याने स्वतःच पुरस्कार नाकारला.

माझं मत सरळ सांगतो. 'आम्ही' म्हणून ज्याला अभिमान वाटतो त्याला 'आम्ही' म्हणून उत्तरही द्यावं लागतं. नोबेल मिळवणारे आमचे आणि हेब्रोनचा वसाहतवाला मात्र त्याचा तो, असं चालत नाही. पण हे उत्तर मागायचा हक्क ज्याने त्याने आपल्याच घरात बजवावा. पुण्याच्या लाल देवळाबाहेर, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगबाहेर, उभं राहून कोणी आत जाणाऱ्या ज्यू माणसाला गाझाचा जाब विचारू लागला, तर तो शुद्ध ज्यूद्वेष. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का, यावर मतं हवीत.

---

पेठेतला:

वाचतोय. कालवडीची गोष्ट माहीत नव्हती. वाचनखूण साठवली आहे.

---

परखड:

लेख छान, पण ७ ऑक्टोबर २०२३ हा शब्दसुद्धा नाही? हमासवाल्यांनी एका दिवसात सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्यात तान्ही मुलं होती, ऐंशीच्या पुढच्या आज्या होत्या. २००५ मध्ये गाझातून वसाहती उठवल्या, सैन्य काढलं, त्याचं फळ काय मिळालं? जगात सव्वाशे ठिकाणी ताबे आणि तंटे आहेत, पण आत्मपरीक्षणाची प्रश्नपत्रिका दरवेळी ज्यूंच्याच हातात का देता? दोन हजार वर्षं जे मार खात आले, त्यांनी एकदा दार लावून घेतलं तर लगेच नीतीचे धडे!

---

वाटाड्या:

परखडराव, ७ ऑक्टोबर मुद्दाम टाळला नाही. उलट त्या दिवसातूनच या प्रश्नाचं सर्वांत अवघड रूप पुढे येतं. व्हिव्हियन सिल्व्हर गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी किबुत्समध्ये (सामूहिक वस्तीत) राहायच्या. गाझातल्या रुग्णांना इस्रायली इस्पितळांत नेणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक होत्या, शांततेसाठी बायकांची मोठी चळवळ उभी करणाऱ्यांपैकी एक. त्या दिवशी त्यांना घरातच मारलं. ओळख पटायला महिन्याहून जास्त लागला. त्यांचा मुलगा त्यानंतर आईचंच काम करायला लागला. माओझ इनोन यांचे आईवडील नेतिव हासारा गावात मारले गेले. हा माणूस तेव्हापासून पॅलेस्टिनी सहकाऱ्याबरोबर व्यासपीठावर बसून 'सूड नको' म्हणत फिरतोय. यांना नीतीचे धडे बाहेरच्या कोणी दिलेले नाहीत.

आणि दार लावून घेतलं म्हणता. दार स्वतःच्या घराला लावलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे तिथे साठ हजारांहून जास्त माणसं मेली आहेत.

---

कुजकट:

काश्मीरबद्दल आणि मणिपूरबद्दल शुलमन साहेबांचं काय मत आहे? की आपल्या अंगणात बघायचं नसतं?

---

झणझणीत:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

संपादक:

वरचा प्रतिसाद काढला आहे. त्याखालचे चार उपप्रतिसादही. कुठल्याही धर्माच्या लोकांना सरसकट शिव्या चालणार नाहीत. काश्मीरसाठी वेगळा धागा काढावा, इथे विषयांतर नको.

---

एडिसनकाकू:

आमच्या शेजारचं कुटुंब ज्यू आहे, वीस वर्षांचा शेजार. २०२४ च्या पेसाहला, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, सेडरच्या जेवणाला आम्हाला बोलावलं होतं. सेडरच्या ताटात ठरलेले पदार्थ असतात: भाजलेलं हाड, अंडं, कडू पाला, आणि खरोसेत म्हणून एक सफरचंद-अक्रोडाचं गोड वाटण. ते गुलामीतल्या विटांच्या चिखलाची आठवण म्हणून. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने त्या ताटात हळूच एक ऑलिव्ह ठेवलं. पॅलेस्टिनी लोकांच्या झाडांसाठी. इथे अमेरिकेत बरेच तरुण असं करतात म्हणे. बापाचा चेहरा लाल. 'आज नाही,' एवढंच म्हणाला. ओलीस अजून गाझात होते, त्याच्या मामेबहिणीच्या ओळखीतलं कोणी होतं त्यांत. मुलगी म्हणाली, मग कधी? पाहुण्यांसमोर दोघंही गप्प. शेवटी आजोबांनी ते ऑलिव्ह उचललं, खाल्लं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

नंतर बाप आमच्या ह्यांच्याशी बोलला. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना गोळ्या घातल्या, तेव्हापासून यांच्याही सिनेगॉगच्या दारात बंदूकवाला रखवालदार असतो. तो म्हणाला, वसाहतींबद्दल मुलीचं जे मत आहे तेच माझं आहे, तीस वर्षांपासून. पण ती ते चौकात माईकवर बोलते, मी घरात बोलतो. चौकात ऐकणारे कोण आहेत ते मला माहीत नाही.

ती मुलगी त्या वेळच्या मोर्चांत असायची. 'आमच्या नावाने नको' लिहिलेले काळे टीशर्ट घालून लोक न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात बसले होते ना, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, त्यांतलीच ती. मला दोघांचंही पटतं. आई आहे ना मी.

---

जुना बाजार:

काकू, तुमच्या शेजाऱ्यांचं भांडण शंभर वर्षं जुनं आहे आणि त्याची एक तार थेट टिळकांपर्यंत येते. १९१७ मध्ये ब्रिटिश सरकार पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर देण्याचा जाहीरनामा तयार करत होतं, तेव्हा सर्वांत कडवा विरोध सरकारातल्या ज्यू मंत्र्याने केला. तो म्हणजे एडविन माँटेग्यू. होय, माँटफर्ड सुधारणांमधले आपले माँटेग्यू साहेब! त्यांनी ऑगस्टमध्ये टिपण लिहून सरकारच्या धोरणालाच ज्यूद्वेषी ठरवलं. भीती ही, की ज्यूंचं एक घर ठरवलंत की बाकी सगळ्या देशांत ते परके ठरतील. २ नोव्हेंबरला जाहीरनामा निघाला तेव्हा साहेब भारताच्या वाटेवर होते. त्याच दौऱ्यात टिळक त्यांना भेटले.

मुख्य मुद्दा असा, की जाहीरनाम्याच्या त्या एका वाक्यात दोन अटी घातल्या होत्या. तिथल्या ज्यूतर लोकांचे नागरी आणि धार्मिक हक्क बिघडू नयेत, आणि इतर देशांतल्या ज्यूंचं स्थान बिघडू नये. दोन्ही अटींचं काय झालं ते काकूंनी सांगितलेल्या एका जेवणात दिसतंय.

अवांतर: गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये ज्यूंना जर्मनीत सत्याग्रहाचा सल्ला दिला. त्यावर मार्टिन बुबर आणि ज्युडा मॅग्नेस या दोघांनी १९३९ मध्ये त्यांना पत्रं लिहिली. गंमत म्हणजे हे दोघंही पॅलेस्टाइनमध्ये अरबांबरोबर समान हक्काने एकच राज्य चालवावं, या मताचे. गांधीजींशी भांडले, पण अरबांचा हक्क नाकारून नाही. आजचे समर्थक आणि विरोधक, दोन्हीकडच्यांना ही पत्रं गैरसोयीची आहेत.

---

नवगावचा:

बेने इस्रायल (कोकणातला ज्यू) आहे, अलिबागजवळचा, सध्या ठाण्यात. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण 'लाल देवळाबाहेर' वाचलं आणि राहवलं नाही.

पहिली गोष्ट. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली झाले. या देशात ज्यू म्हणून आम्हाला कोणी बोट लावलं नाही. १९४८ नंतर आमचे लोक तिकडे गेले ते छळामुळे नाही गेले, श्रद्धेने गेले. मिळालं काय? डिमोना, बीरशेबा, यरुहाम. वाळवंट. काही जण तर भेदभावाला कंटाळून जेरुसलेम-तेल अवीवला धरणं धरून १९५२ मध्ये परत आले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी आदेश काढला, की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावायचं तर त्याच्या वंशाची चौकशी करा. १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, क्नेसेटने (तिथल्या संसदेने) ठराव केला, तेव्हा आदेश मागे गेला. सांगायचा मुद्दा: 'तुम्ही ज्यू' म्हणून जबाबदारी द्यायला सगळे पुढे. आम्हाला तर आधी ज्यू असल्याचा दाखला मागितला होता.

दुसरी गोष्ट. माझ्या चुलतभावाचा मुलगा अश्दोदला असतो, घरात आजीशी मराठी बोलतो. सैन्यात असताना नाब्लुसजवळच्या नाक्यावर होता. भारतात आला होता तेव्हा विचारलं, काय करायचास रे? म्हणाला, काका, सकाळी चारला कामावर जाणाऱ्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं करायचो. बाबांसारखे दिसायचे, वांगी रंगाचा स्वेटर वगैरे. त्यावर त्याचे बाबा म्हणाले, ती रांग होती म्हणून बसमध्ये बॉम्ब फुटले नाहीत. विषय तिथेच थांबला. दोघंही खोटं बोलत नव्हते.

तिसरी. आमच्याकडे योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, जुने लोक 'दरफळणीचा सण' म्हणत. दारं बंद, उपास, दिवसभर प्रार्थना. त्यात कबुलीची यादी असते, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने, आणि दर शब्दाला मुठीने छातीवर ठोका. सगळं 'आम्ही'त: आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुबाडलं. माझ्या आजीने आयुष्यात कोणाची सुपारी लुबाडली नव्हती, पण 'आम्ही लुबाडलं' म्हणताना तिचा ठोका सगळ्यांत जोरात. तेव्हा वाटाड्या म्हणतात ते मला पटतं आणि पटतही नाही. छातीवर ठोका मारायचा तो मी मारीन. हात धरून कोणी मारायला लावू नये.

---

पेठेतला:

नवगावचेसाहेब, दंडवत. धाग्याचं सोनं केलंत.

---

भटकभवानी:

२०१९ मध्ये हेब्रोनला गेले होते. 'ब्रेकिंग द सायलेन्स' ही २००४ मध्ये तिथेच नेमणूक झालेल्या सैनिकांनी काढलेली संस्था. त्यांची माणसं शहर दाखवतात. वाटाड्याच तिथला माजी सैनिक (तुम्ही नव्हे!).

जुन्या बाजारात गल्लीच्या डोक्यावर लोखंडी जाळी ताणलेली आहे, कारण वर वसाहतवाले राहतात आणि खाली कचरा टाकतात. मान वर केली की जाळीत अडकलेल्या बाटल्या, प्लॅस्टिकची खुर्ची, डायपर. शुहादा रस्ता एकेकाळी मुख्य बाजारपेठ होती. आता दुकानांची दारं वेल्डिंग करून बंद, आणि बऱ्याचशा भागात पॅलेस्टिनी माणसाला पाऊल टाकायला बंदी. नाक्यावरच्या वीस वर्षांच्या पोराने मला धर्म विचारला. हिंदू म्हटल्यावर हसून सोडलं. मी ज्या रस्त्यावरून सहज चालत गेले त्यावर घर असलेली बाई मागच्या गच्चीवरून शिडी लावून घरात शिरते.

त्या माजी सैनिकाने सांगितलेली एक गोष्ट. रात्री दोन वाजता एखाद्या घरात शिरायचं, सगळ्यांना उठवून भिंतीशी उभं करायचं, फोटो काढायचे, खोल्यांचा नकाशा काढायचा. याला ते 'मॅपिंग' म्हणतात. घरावर संशय नसतो. संशय नसलेलं घर म्हणूनच निवडायचं. आणि नंतर ते फोटो कोणी मागायचंच नाही.

त्याच शहरात १९२९ मध्ये ६७ ज्यूंची कत्तल झाली आणि कित्येकांना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. त्याच शहरात १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टीन या वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. वसाहतवाल्यांच्या फलकांवर १९२९ आहे. १९९४ शोधूनही दिसलं नाही.

---

वकिलीण:

कालवडीच्या विधीबद्दल एक भर घालते, धागाकर्त्यांनी ती कशी सोडली याचं आश्चर्य वाटलं. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत लेबनॉनमधल्या ख्रिस्ती फलांजिस्ट टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी मारले. छावण्यांना वेढा इस्रायली सैन्याचा, आत सोडलं त्यांनीच. इस्रायलमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष कहान त्याचे प्रमुख. फेब्रुवारी १९८३ च्या अहवालात आयोगाने म्हटलं, की प्रत्यक्ष हत्या फलांजिस्टांची, पण अप्रत्यक्ष जबाबदारी इस्रायलची. आणि अप्रत्यक्ष जबाबदारीचा आधार देताना त्यांनी नेमका हाच अध्याय काढला. वडीलधारे, कालवड, हात धुणं, सगळं. शिवाय पुढे असंही सांगितलं, की आमच्यावर दंगली व्हायच्या तेव्हा आम्ही केवळ दंगलखोरांना नव्हे, तर बघत बसलेल्या सत्ताधाऱ्यांनाही दोषी धरत आलो आहोत. तेच माप आता आम्हाला.

एखाद्या देशाच्या सरकारी अहवालात असं वाचायला मिळणं दुर्मीळ आहे. म्हणून 'बाहेरचे लोक नीती शिकवतात' हा परखड यांचा मुद्दा टिकत नाही.

बाकी कायद्याचं सांगायचं तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लामतात हा ताबाच बेकायदा ठरवला आहे. ते इस्रायलला मान्य नाही.

---

परखड:

वकिलीणबाई, अहवाल आला, मग? संरक्षणमंत्री शेरॉन यांचं खातं गेलं, मंत्रिपद राहिलं, आणि २००१ मध्ये ते पंतप्रधान झाले. हात धुवून झाले की वडीलधारे घरी जेवायला मोकळे. हीच तर अडचण आहे तुमच्या या विधीची.

आणि एक प्रश्न खरोखर विचारतोय, खोचकपणा नाही. ते प्रेत कोणाचं असतं? आपल्या जमातीतल्या माणसाचं की परक्याचं? परक्यासाठी कालवड मारली असती का त्यांनी?

---

नवगावचा:

परखडदादा, त्या अध्यायात फक्त 'मारलेला माणूस' आहे, जात लिहिलेली नाही. यावर पंडितांनी हवा तेवढा काथ्याकूट केलाय, मी त्यात पडत नाही. परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता, ही आज्ञा मात्र तोराहमध्ये (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) ३६ वेळा आली आहे असं तालमूद हा आमचा जुना धर्मग्रंथ सांगतो. काही म्हणतात ४६. मोजणीवर भांडतील, पण 'नाही' असं कोणी म्हणत नाही. त्याच 'अनुवाद'च्या विसाव्या अध्यायात वेढा घातलेल्या शहराचीही फळझाडं तोडू नका असं लिहिलंय. आणि वसाहतवाल्यांतले काही जण ऑलिव्हची झाडं तोडतात, तेही डोक्याला किप्पा, धार्मिक ज्यूंची टोपी, घालून. मला त्याचीच लाज वाटते. इस्रायल असावा की नसावा हा माझ्यासाठी प्रश्नच नाही, असायलाच हवा. माझे अर्धे नातेवाईक तिथे आहेत.

भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत (ती बगदादी ज्यूंची, आमची नव्हे) आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. गेटवर दाविदाचा तारा आहे. कोणी खोडत नाही.

---

बर दुबईकर:

एवढी चर्चा वाचली, सुंदर आहे. पण एक खटकलं. ज्यूंचा विवेक, ज्यूंची प्रार्थना, ज्यूंचं आतलं भांडण. यात पॅलेस्टिनी माणूस कुठे आहे? कालवडीच्या गोष्टीतल्या प्रेतासारखा तोंड मिटून पडलाय. त्याच्यामुळे गावकऱ्यांना स्वतःबद्दल बोलायला मिळतं.

माझ्याबरोबर काम करणारा एक जण नाब्लुसच्या दक्षिणेकडच्या गावचा. आई गावी. ऑलिव्हची झाडं वरच्या अंगाला, वसाहतीला लागून. स्वतःच्या झाडांपाशी जायला सैन्याकडून तारखा घ्याव्या लागतात, वर्षाला मोजके दिवस. त्या दिवसांत होईल तेवढी तोड, बाकीचं जाऊ दे. त्याला विचारलं, ते ज्यू लोक येतात मदतीला, 'रॅबाय्ज फॉर ह्यूमन राइट्स' या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) संस्थेचे वगैरे, तुला काय वाटतं? म्हणाला, त्यांच्या देवाचं ते बघतील. पण सैनिक आईला अरबीत दोन शब्द ओरडून हाकलतो. रब्बी आला की हिब्रूत वाद सुरू होतो, नियम काय, आदेश दाखव, वरिष्ठाला फोन लाव. तेवढ्यात आईची दोन झाडं उतरतात.

---

परखड:

म्हणजे ते ज्यू म्हणून आले काय किंवा नुसते माणूस म्हणून, त्याला काय फरक?

---

बर दुबईकर:

फरक आहे ना. मी माणूस म्हणून गेलो तर मला विमानतळावरूनच परत पाठवतील. रब्बीला ढकलायला सैनिक जरा विचार करतो. वसाहतवाले तेवढाही करत नाहीत. २०१५ मध्ये आरिक अशरमन या रब्बींवर तोंड झाकलेला पोरगा सुरा घेऊन धावून गेला होता, त्याचं चित्रीकरण आहे.

२०२३ च्या हंगामात तर युद्धाचं कारण देऊन तारखाच दिल्या नाहीत. त्याची आई त्या वर्षी बागेत गेली नाही. तेल दुकानातून विकत आणलं, त्याचा तिला अजून राग आहे.

---

वाटाड्या:

दुबईकर, तुमचा आक्षेप मान्य. पण मग मिश्नाकारांचं उत्तर पुन्हा वाचा. त्यात वडीलधाऱ्यांच्या मनाला काय वाटलं हे कोणी विचारत नाही. जेवू घातलं का आणि बरोबर चाललात का, एवढंच विचारतात. तुमचा मित्र तेच मोजतोय.

---

परखड:

आणि चौकी तिथेच राहिली, हे कोण मोजणार? हे मी तुमच्याच लेखातून विचारतोय.